संगणकाचा फलाट

‘प्लॅटफॉर्म’ हा शब्द आम्हां चळवळीतल्या माणसांना नवा नाही. सभेचे व्यासपीठ आणि रेल्वेचा फलाट या दोहोंना इंग्रजीत हाच शब्द आहे, आणि आमचे निम्मे आयुष्य एकावर बोलण्यात व दुसऱ्यावर गाडीची वाट पाहण्यात गेले. अलीकडे मात्र हा शब्द तिसऱ्याच अर्थाने कानांवर येतो. कचेरीतला व्यवस्थापक सांगतो, ‘आम्ही प्लॅटफॉर्म बदलला; आता तुमचे जुने शिक्षण चालणार नाही.’ दहा-बारा वर्षे त्याच टेबलाशी काढलेला कारकून हे ऐकतो, आपल्यातच काही उणे आहे असे समजतो आणि गप्प बसतो. या शब्दाचा अर्थ त्याला कोणी उलगडून सांगितला असता, तर त्याने उलट चार प्रश्न विचारले असते. ते प्रश्न कोणते, हे कळण्यासाठी आधी टेबलावरच्या संगणकाचे पोट उघडून पाहिले पाहिजे. आमचे शाळेतले शिक्षण बेताचेच झाले. जे काही कळले ते यंत्रापाशी बसणाऱ्यांना विचारून आणि रात्री पुस्तके चाळून कळले; तेव्हा सांगण्याची रीतही तशीच साधी राहील.

रूळ आणि डबा

प्रारंभी आपल्याच जिल्ह्यातले मनमाड घेऊ. मुंबईहून येणारा लोहमार्ग ब्रॉडगेज. त्याच्या दोन रुळांतले अंतर १६७६ मिलिमीटर. मनमाडहून मराठवाड्यामार्गे हैदराबादकडे जाणारा निजामाच्या काळातला मार्ग मीटरगेज. त्याचे अंतर १००० मिलिमीटर. हा दुसरा मार्ग १९०० च्या सुमारास सुरू झाला आणि १९९० च्या दशकात रुंद होईपर्यंत तसाच होता. ही नव्वद-एक वर्षे दोन्ही बाजूंचे डबे मजबूत होते, रूळ पोलादी होते, माल तोच होता. तरीही एकीकडचा डबा दुसरीकडे धावू शकत नसे. माल एका गाडीतून उतरवून दुसऱ्या गाडीत भरावा लागे, आणि ते ओझे हमालाच्या पाठीवर पडे. डबा सदोष नव्हता आणि रूळही सदोष नव्हता. डबा आणि रूळ यांच्यामधला ठराव दोन ठिकाणी दोन प्रकारचा होता, एवढेच.

संगणकाचा प्लॅटफॉर्म म्हणजे असाच एक ठराव होय. त्यात तीन पक्ष असतात: खाली यंत्र, मध्ये ऑपरेटिंग सिस्टिम आणि वर आपण ज्यावर काम करतो तो प्रोग्रॅम. तिघांची भाषा जुळली की काम चालते. एकाने भाषा बदलली की बाकीचे दोघे धडधाकट असूनही मुके होतात.

तीन पक्ष

आता एकेक पक्ष पाहू. यंत्राला हार्डवेअर म्हणतात. त्याचा कर्ता म्हणजे प्रोसेसर नावाची नखाएवढ्या सिलिकॉनची चकती. तिला ठरावीक आज्ञाच कळतात: ही संख्या उचल, ती तिच्यात मिळव, अमुक ठिकाणी ठेव, मोठी असेल तर तिकडे जा. या आज्ञांचा कोश प्रत्येक घराण्याच्या प्रोसेसरचा वेगळा असतो. इंटेलच्या घराण्यासाठी सिद्ध केलेला प्रोग्रॅम मोबाइलमधल्या एआरएम घराण्याच्या प्रोसेसरला जसाच्या तसा दिला, तर कन्नड माणसापुढे बंगाली कागद ठेवावा तशी गत होते. प्रोसेसरच्या जोडीला स्मरणपट्ट्या, माहिती साठवणारी डिस्क, पडदा, कीबोर्ड, प्रिंटर आणि या सर्वांना जोडणारा मदरबोर्ड असतो.

ऑपरेटिंग सिस्टिम हे दिसत नाही, पण तिच्यावाचून पान हलत नाही. जुन्या गिरणीतला मुकादम आठवा. कोणाला कोणता माग, कोण केव्हा सुट्टीवर, कोणाला किती सूत, हे सगळे त्याच्या हातात. ऑपरेटिंग सिस्टिम हा संगणकातला मुकादम होय. एकाच वेळी चार प्रोग्रॅम उघडले असतील तर प्रोसेसरचा वेळ चौघांत ती वाटते. स्मरणाची जागा कोणाला किती द्यायची, एकाने दुसऱ्याच्या जागेत हात घालू नये, डिस्कवर कोणती फाइल कोठे ठेवायची, हे ती पाहते. प्रोग्रॅमला काही छापायचे असेल तर तो स्वतः प्रिंटरला हात लावत नाही, मुकादमाकडे अर्ज करतो. प्रिंटर शेकडो प्रकारचे असतात. म्हणून प्रत्येकाची बोली जाणणारा एक दुभाषी ठेवलेला असतो. त्याला ड्रायव्हर म्हणतात. नवा संगणक घेतला आणि जुना चांगला प्रिंटर चालेना, तर बहुधा नव्या मुकादमासाठी तो दुभाषी कोणी तयारच केलेला नसतो.

तिसरा पक्ष प्रोग्रॅमचा. पगारपत्रक करणारा, पत्र लिहिणारा किंवा नकाशा काढणारा प्रोग्रॅम मुकादमाकडे ज्या शब्दांत अर्ज करतो, ते शब्द त्या त्या ऑपरेटिंग सिस्टिमचे ठरलेले असतात. म्हणून विंडोजसाठी केलेला प्रोग्रॅम त्याच यंत्रावर लिनक्स घातले तर सहसा चालत नाही. प्रोसेसर तोच, आज्ञा त्याच. पण अर्जाचा नमुना बदलला.

येथे टाइपरायटरशी तुलना केली म्हणजे फरक नीट कळेल. गोदरेजने १९५५ साली देशी टाइपरायटर काढला. टाइपरायटरमध्ये अक्षर लोखंडी दांडीच्या टोकाला कोरलेले असे. कळ दाबली की दांडी उठे आणि कागदावर अक्षर उमटे. अक्षर, यंत्र आणि काम तिन्ही एकाच चौकटीत. टाइपिस्टचे कौशल्य त्याच्या बोटांत असे आणि कागद कोणाच्याही घरी वाचता येई. संगणकात मात्र अक्षर हे एक आकडा होऊन साठते. त्या आकड्याचे पुन्हा अक्षर व्हायचे तर तिन्ही पक्षांचा ठराव शाबूत असावा लागतो.

ठराव कोणाच्या हाती गेला

टेबलावरच्या संगणकांचा आज जो सर्वांत मोठा प्लॅटफॉर्म आहे, त्याचा जन्म १२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएमच्या पर्सनल कॉम्प्युटरने झाला. त्या बलाढ्य कंपनीला बाजारात लवकर उतरायचे होते. म्हणून तिने प्रोसेसर इंटेलचा घेतला, ऑपरेटिंग सिस्टिम मायक्रोसॉफ्टकडून घेतली, बाकी भागही बाजारातून जमवले आणि यंत्राची तांत्रिक माहिती छापून प्रसिद्ध केली. स्वतःच्या हाती तिने मुख्यतः एकच किल्ली ठेवली: बायोस नावाचा छोटा प्रोग्रॅम, जो मदरबोर्डवरच्या चिपमध्ये बसून यंत्राला जाग आणतो. त्याची नक्कल करणे हा कायद्याने गुन्हा होता. १९८२ साली कॉम्पॅक या नव्या कंपनीने मूळ मजकुराला हात न लावता तेच काम करणारा आपला बायोस लिहून काढला. मग इतरांनीही तसे केले. मायक्रोसॉफ्टने आपली ऑपरेटिंग सिस्टिम दुसऱ्यांना विकण्याचा हक्क राखून ठेवलाच होता.

परिणाम असा झाला की संगणक कोणीही जोडू लागला. आपल्या देशात १९८४ साली आयातीचे नियम सैल झाले आणि पुढच्या काळात मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून ‘असेंबल’ केलेले संगणक गावोगावी पोचले. यंत्र स्वस्त झाले, ही गोष्ट चांगलीच झाली. तथापि यंत्र करणारे शंभर झाले, त्यांच्यात चढाओढ लागली, आणि ठरावावर सही करणारे दोनच राहिले: प्रोसेसरचा मालक आणि ऑपरेटिंग सिस्टिमचा मालक. सत्ता यंत्रातून निघून ठरावात गेली. कामगार चळवळीत वावरणाऱ्याने ही गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी.

ॲपलने दुसरी वाट धरली. १९८४ सालच्या मॅकिन्टॉशपासून यंत्र आणि ऑपरेटिंग सिस्टिम दोन्ही तिने आपल्याकडेच ठेवली. त्यामुळे जोडणी नेटकी झाली. पण ठराव केव्हा बदलायचा हेही एकट्या मालकाच्या मर्जीवर राहिले. प्रोसेसरचे घराणे तिने १९९४ साली बदलले, २००६ साली बदलले आणि २०२० साली पुन्हा बदलले. २००६ सालच्या बदलाच्या वेळी जुने प्रोग्रॅम चालावेत म्हणून दुभाषी दिला आणि २०११ साली तो काढूनही घेतला. ज्यांनी जुन्या प्रोग्रॅमवर हात बसवला होता त्यांना मत विचारण्याचा प्रश्नच नव्हता.

तिसरी वाट लिनक्सची. १९९१ साली हेलसिंकीतल्या लिनस टॉरव्हाल्ड्स या विद्यार्थ्याने तिचा आरंभ केला. तिचा मूळ मजकूर खुला आहे; कोणीही वाचावा, दुरुस्त करावा, वाटावा, आणि वाटताना पुढच्यालाही तोच हक्क द्यावा, अशी परवान्याची अट आहे. आपल्याकडे सी-डॅकने याच पायावर २००७ साली ‘बॉस’ नावाची ऑपरेटिंग सिस्टिम काढली. केरळातल्या सरकारी शाळांतून मुले खुल्या ऑपरेटिंग सिस्टिमवरच शिकतात. येथे ठरावाचा कागद सर्वांना वाचता येतो. मात्र जो प्रोग्रॅम कारखान्याला हवा तो या प्लॅटफॉर्मसाठी कोणी लिहिलेलाच नसेल, तर नुसत्या खुलेपणाने काम भागत नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

मराठीची परवड

हे सगळे दूरचे वाटत असेल, तर आपल्या मराठी अक्षराचा संगणकातला प्रवास पाहा. ठरावातल्या तिन्ही पायऱ्या त्यात एकेक करून दिसतात.

पहिली पायरी यंत्राची. १९८० च्या दशकातल्या संगणकाला इंग्रजीच तेवढी येत होती. कानपूरच्या आय.आय.टी.त देवनागरी व इतर भारतीय लिप्यांसाठी जिस्ट नावाचे तंत्र सिद्ध झाले, आणि १९८८ साली पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅकने ते पुढे नेले. हे तंत्र एका कार्डावर होते. मदरबोर्डवरच्या रिकाम्या खाचेत ते कार्ड बसवले की इंग्रजी जाणणाऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमवरही पडद्यावर मराठी उमटे. मुकादमाला मराठी येत नव्हती, म्हणून यंत्रातच एक मराठी जाणणारा भाग बसवला, असा हा प्रकार. कार्ड काढले की मराठी गेली.

दुसरी पायरी फॉण्टची. विंडोजचा प्रसार झाला तशी अक्षरांची चित्रे पडद्यावर काढणे सोपे झाले, आणि पुण्या-मुंबईपासून बंगळूरपर्यंत अनेकांनी मराठी फॉण्ट काढले. त्यांतली युक्ती अशी: संगणकाला वाटे की आपण इंग्रजी ‘डी’ साठवत आहोत, फॉण्टमध्ये त्या जागी ‘क’चे चित्र ठेवलेले असे. डोळ्यांना मराठी दिसे, पोटात इंग्रजी राही. अशा फॉण्टात जागा फार तर २५६, आणि आपल्याकडे जोडाक्षरे, काना-मात्रा, रफार. म्हणून अक्षरांचे तुकडे करून ते जागोजागी बसवले. कोणता तुकडा कोठे, हे प्रत्येक कंपनीने आपापल्या मनाने ठरवले आणि तो कोश आपल्याकडे ठेवला. एका कंपनीच्या फॉण्टात लिहिलेला मजकूर दुसऱ्याच्या संगणकावर उघडला की अर्थहीन चिन्हांची रांगोळी दिसे. तो शोधता येत नसे, अकारविल्हे लावता येत नसे. या काळात आपल्या राज्यात किती पुस्तके, साप्ताहिके, सोसायट्यांची इतिवृत्ते आणि संघटनांची पत्रके टाइप झाली असतील! त्या जोडणीतल्या माणसांचे कष्ट खरे होते, अक्षर सुबक होते. परंतु ठराव खासगी होता.

तिसरी पायरी खुल्या ठरावाची. भारतीय मानक संस्थेने १९९१ साली भारतीय लिप्यांच्या सांकेतिक क्रमांकांचे मानक प्रसिद्ध केले. त्याच साली जगातल्या सर्व लिप्यांसाठी युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली. तिच्यात देवनागरीला १२८ जागांचा स्वतंत्र पट्टा मिळाला. दशमान पद्धतीने सांगायचे तर ‘क’चा क्रमांक २३२५ आणि ऱ्हस्व वेलांटीचा २३६७. ‘कि’ लिहिताना आधी २३२५ आणि मग २३६७ साठते. वेलांटी डावीकडे काढायची हे काम पडद्यावर दाखवणाऱ्याचे. म्हणजे अक्षर कोणते आणि त्याचे चित्र कसे, या दोन गोष्टी वेगळ्या झाल्या. पण क्रमांक ठरून भागत नाही. मुकादमाला ते समजावे लागतात. विंडोज २००० मध्ये ही सोय आली आणि तिच्याबरोबर र. कृ. जोशी या मराठी लिपिकाराने आखलेला ‘मंगल’ हा फॉण्ट आला. लिनक्स व ॲपलच्या ऑपरेटिंग सिस्टिमनीही तेच क्रमांक स्वीकारले. आज नाशिकमध्ये लिहिलेले मराठी पत्र न्यू जर्सीतला मुलगा मोबाइलवर वाचतो. यंत्राचे घराणे वेगळे, ऑपरेटिंग सिस्टिम वेगळी, आणि तरी ‘क’ हा ‘क’च राहतो. कारण ठरावाचा हा एक भाग सार्वजनिक झाला.

मात्र मधल्या पंधरा-वीस वर्षांतला मजकूर जुन्या फॉण्टांत अडकून राहिला. तो युनिकोडमध्ये आणण्यासाठी कन्व्हर्टर चालवायचा आणि मग कोणीतरी ओळ न् ओळ तपासायची. मनमाडच्या हमालाचे काम आता मुद्रितशोधकाच्या डोळ्यांवर आले. दोन ठरावांमधल्या दरीचे ओझे नेहमी मजुरालाच वाहावे लागते, हा नियम येथेही चुकला नाही.

संघटनांनी काय मागावे

संगणकाच्या बाबतीत कामगार संघटनांनी केवळ विरोधच केला, असा एक समज आहे. तो पुरता खरा नाही. बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी १९८३ साली आणि पुन्हा १९८७ साली बँकांच्या मालकपक्षाशी यांत्रिकीकरणाचे करार केले. कोणती यंत्रे यावीत, कोठे यावीत, ती चालवणाऱ्याला भत्ता किती, हे वाटाघाटीने ठरले. त्या करारांमुळे शाखाशाखांतून खाती लिहिणारी यंत्रे आली, पुढे संगणक आले. बऱ्याच ठिकाणी त्यांवर युनिक्स जातीची ऑपरेटिंग सिस्टिम होती. नंतर, २००० सालापुढे, सारी खाती मध्यवर्ती संगणकांवर गेली आणि शाखेतला संगणक ही तेथे डोकावण्याची खिडकी झाली. वाटाघाट टेबलावरच्या पेटीची झाली होती. ठराव तोवर पेटीतून उठून दुसरीकडे गेला होता. आमच्या मते यातून घेण्याचा धडा असा, की यापुढे पेटी मोजण्यापेक्षा ठराव वाचावा.

कायदा येथे थोडाच उपयोगी पडतो. औद्योगिक विवाद कायदा, १९४७ याच्या ९-अ कलमात कामाच्या शर्ती बदलण्यापूर्वी २१ दिवसांची नोटीस सांगितली होती, आणि २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेतही २१ दिवसच आहेत. यंत्रसामग्री वा कार्यपद्धती सुधारण्याचा उल्लेख दोन्हींत आहे. पण त्यामुळे कामगार कपात होण्याचा संभव असेल तरच. नोकरी राहिली आणि नोकरीतले कसब मात्र निकामी झाले, तर त्याला या शब्दांत जागा नाही.

आजचेच उदाहरण घ्या. विंडोज १० ला सर्वसाधारणपणे मोफत मिळणाऱ्या दुरुस्त्या १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबल्या. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षेची व्यवस्था आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो. त्यामुळे कळा, पडदा, डिस्क सर्व ठीक असलेले कितीतरी संगणक नव्या ठरावाबाहेर पडले. सुरक्षेचे कारण खोटे नाही. दुरुस्ती न मिळणारी ऑपरेटिंग सिस्टिम जाळ्यावर जोडून ठेवणे धोक्याचेच. पण खर्च कोणावर पडतो? सातपूर-अंबडच्या एखाद्या लहान वर्कशॉपात सीएनसी यंत्राला जोडलेला जुना संगणक असतो. त्यातले कार्ड नव्या मदरबोर्डात बसत नाही, त्याचा प्रोग्रॅम नव्या विंडोजवर चालत नाही. लाखांचे यंत्र हजारांच्या संगणकापायी अडून बसते आणि ते चालवणाऱ्याला ‘तुम्ही जुने झालात’ असे ऐकून घ्यावे लागते.

म्हणून यापुढे कोणी ‘प्लॅटफॉर्म बदलला’ असे म्हणाले की चार प्रश्न विचारावेत. पहिला: तिघांपैकी नेमके काय बदलले? यंत्र, ऑपरेटिंग सिस्टिम की प्रोग्रॅम? पुष्कळदा एकच बदललेले असते आणि माणसाचे नव्वद टक्के ज्ञान तसेच उपयोगी असते. दुसरा: हा नवा ठराव किती वर्षांचा? दुरुस्त्या कोणत्या तारखेपर्यंत मिळणार, हे बहुतेक कंपन्या आधी प्रसिद्ध करतात. खरेदीपूर्वी ती तारीख संघटनेलाही सांगावी. तिसरा: आमचे आजवरचे काम, नोंदी, हजेरीपट, पत्रे खुल्या रूपात बाहेर काढता येतील काय? मराठी मजकूर युनिकोडमध्येच असला पाहिजे, ही मागणी तर आपण लेखी घालावी. चौथा: नवे शिकण्याचा वेळ कोणाचा? तो कामाच्या तासांतला आणि पगारी असावा, आणि जुन्या प्लॅटफॉर्मवरची वर्षे अनुभवात धरावीत.

वेतनाचा करार होतो तेव्हा आपण मुदत पाहतो, कलमे वाचतो, कोणाची सही आहे ते पाहतो. टेबलावरचा संगणक हाही असाच एक करार घेऊन येतो. त्यातली काही कलमे आपल्या हातात नाहीत, हे खरे. परंतु मराठी अक्षराने दाखवून दिले आहे की जे कलम सार्वजनिक होते ते यंत्रे बदलली तरी टिकते. तेव्हा नव्या यंत्राला हात लावण्यापूर्वी त्याच्याबरोबर आलेला करार मागावा, आणि तो चारचौघांत बसून मोठ्याने वाचावा.